त्रेचाळीस मीटरांवरचे दामूकाका

दामूकाका आमच्या दारात आले की कुणाची ख्यालीखुशाली विचारत नाहीत. पायरीवर उभे राहतात, हातभर लांब धरलेल्या फोनकडे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "त्रेचाळीस."

हे त्यांच्या पायरीपासून आमच्या पायरीपर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. एखाद्या दिवशी फोन एकेचाळीस दाखवतो. मग काका आमच्या घराकडे संशयाने बघतात आणि आईला हाक मारतात, "गो वयनी, घर पुढे सरकवलंस काय?"

आई आतून ओरडते, "सरकवलंय! आता भितर ये, नाय तर च्या पण सरकतली."

दामूकाका आमचे नातेवाईक नाहीत, गोव्यातल्या आमच्या पार्से गावातले शेजारी आहेत. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी अंगकाठी, खाकी हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे. लग्न केलं नाही. आयुष्यभर त्यांनी सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढली. जमीन मोजताना साखळीचं एक टोक सर्व्हेअरकडे असतं आणि दुसरं टोक घेऊन काट्याकुट्यातून, चिखलातून, लोकांच्या कुत्र्यांमधून जो पुढे जातो, तो माणूस म्हणजे दामूकाका. पुढे साखळी जाऊन टेप आली, टेप जाऊन तिपाईवरचं यंत्र आलं, पण काकांचं टोक बदललं नाही.

"मोजून सांग" हे त्यांचं पालुपद. मासेवाली म्हणाली की बांगडा आत्ताच आलाय, तर काका विचारतात, "आत्ताच म्हणजे किती? मोजून सांग." लग्न का राहिलं याची गोष्ट आई त्यांच्यासमोरच सांगते. तरुणपणी ते मुलगी बघायला गेले. चहा झाला, पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कसं काय वाटलं?" काका म्हणाले, "मुलगी बरी आसा. पण तुमची बांय शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरात आसा." बांय म्हणजे विहीर. वडिलांनी पुढचा चहा आणलाच नाही.

"खोटा होता काय ता?" काका अजून विचारतात. "मागीर कोर्टात गेलेच ना ते?"

असा माणूस गोल्फ खेळतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्याला कारण एक इंग्रज म्हातारा. तो दर हिवाळ्यात मांद्र्याला काकांच्या बहिणीच्या खोलीत भाड्याने राहायचा. एका वर्षी जाताना तो गोल्फची पिशवी ठेवून गेला, ती कायमचीच. पिशवीत सात दांडे आणि अडतीस बॉल. बहिणीने पिशवी भंगारात द्यायच्या आधी काकांनी ती उचलली आणि आपले जुने साहेब, डिचोलीचे विष्णूआप्पा, यांना फोन केला. आप्पा सर्व्हेअर होते. साखळीचं पहिलं टोक त्यांचं. दोघांनी मिळून गावाबाहेरच्या सड्यावर पाच होल तयार केले. सडा म्हणजे आमच्याकडे डोंगरमाथ्यावरचं उघडं, दगडी पठार. होल म्हणजे जमिनीत पुरलेला रंगाचा रिकामा डबा. झेंडा म्हणजे बांबूच्या काठीला लाल चिंधी. आणि गोल्फमध्ये होलभोवती जी गुळगुळीत हिरवळ असते, तिच्या जागी शेणाने सारवलेलं खळं. सारवण काका स्वतः करतात. बॉल त्यावरून असा घरंगळतो की कुठल्याही गवतावरून घरंगळणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मी दुसरं गोल्फचं मैदान पाहिलेलं नाही, त्यामुळे गप्प बसते.

दर वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी दोघांची मॅच होते. पाच होल, दोनदा. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. बक्षीस म्हणजे एक पितळी ओळंबा. दोघांच्या नोकरीतल्या पहिल्या तिपाईखाली तो लटकायचा. जो जिंकेल त्याच्या घरी ओळंबा वर्षभर राहतो. सहा वर्षं झाली, ओळंबा डिचोलीतून हलला नव्हता.

"साहेब तो साहेब," काका म्हणायचे, पण ते म्हणताना त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांना एकदा, फक्त एकदा, ओळंबा पार्स्याला आणायचा होता.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्या भाच्याने त्यांना नवा फोन दिला आणि सांगितलं की गोल्फवाल्यांसाठी एक अॅप असतं, उपग्रहावरून झेंड्याचं अंतर सांगतं. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि घरी बसून कंपनीचं काम करते. एवढ्या दोन गोष्टींवरून त्यांनी ठरवलं होतं की फोनमधलं सगळं इंग्रजी माझ्या ओळखीचं असणार. मी फारशी बोलत नाही. काकांना ते चालतं. साखळी ओढणाऱ्याला दिवसभरात तीनच शब्द लागतात, ते म्हणतात. धर, ताण आणि सोड.

आम्ही सड्यावर गेलो. अॅपने आधी आम्ही कुठे आहोत ते शोधलं, मग सर्वांत जवळचं मैदान दाखवलं. ते गोव्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. झेंड्यापर्यंत एकसष्ट किलोमीटर.

काका घाबरले नाहीत. सात नंबरचा दांडा हातात तोलत म्हणाले, "एकसष्ट आणि वर किती?"

नशिबाने त्यात आपलं मैदान आपणच आखायची सोय होती. प्रत्येक डब्याशी उभं राहायचं आणि बटण दाबायचं. अॅपने मैदानाचं नाव विचारलं. काकांनी क्षणभरही विचार न करता सर्व्हे नंबर सांगितला, पोटहिश्श्यासकट. मग अॅपने अडथळे विचारले. पाणी, वाळू, झाडं. काकांनी लिहून घ्यायला लावलं: म्हशी डुंबतात ते कोंड, वासूच्या बायकोच्या वाळत घातलेल्या मिरच्या आणि देवचाराचा वड. देवचार म्हणजे जागेचा राखणदार. बॉल वडाखाली गेला की काका चपला काढतात, फोन बंद करून खिशात टाकतात आणि हात जोडून गाऱ्हाणं घालतात, "बा देवचारा महाराजा, जागो तुझो, बॉल माझो. बॉल तेवढो दी." अख्ख्या गावात ती एकच जागा त्यांनी मोजलेली नाही.

भांडण झालं ते अचूकपणावरून. पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं: अंतरात चार मीटरपर्यंत फरक पडू शकतो.

"चार मीटर?" काका ओरडले. "चार मीटरात भावभाव कोर्टात जातत!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप आणली. मी एका टोकाला, ते दुसऱ्या. पाचही होल आम्ही हाताने मोजले. फोन कुठे दोन मीटर चुकत होता, कुठे तीन. काकांनी बराच वेळ फोनकडे पाहिलं आणि शेवटी माफ केलं. "आकाशातसून बघता बिचारो," ते म्हणाले. "इतक्या लांबसून माझो भाचो तरी खंय बरोबर सांगता?"

पण खरा धक्का पुढे होता. अॅप प्रत्येक फटक्याची लांबीही मोजतं. बॉल मारायचा, चालत बॉलपाशी जायचं, बटण दाबायचं. पंधरा दिवसांनी त्याने प्रत्येक दांड्याची सरासरी काढून दाखवली.

"सात नंबरान एकशे वीस मारतंय मी," काका आधीच म्हणाले.

"चौऱ्याण्णव, काका."

"वारो होतो."

"वारा पाठीमागून होता."

काका दोन दिवस फोनशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. चाळीस वर्षं लोकांना तोंडावर सांगत आलेला माणूस, की तुमची जमीन तुम्ही समजता तेवढी नाही, आणि आता त्यांच्या हाताची जमीन सव्वीस मीटर कमी भरली होती. तिसऱ्या दिवशी ते आले, "त्रेचाळीस" म्हणाले आणि मग हळूच, "चौऱ्याण्णव तर चौऱ्याण्णव. चल."

त्यानंतर त्यांचा खेळ बदलला. आधी ते अंदाजाने सात नंबर उचलायचे आणि बॉल डब्याच्या अलीकडे मिरच्यांत पडायचा. आता फोन बघायचे, मोठा दांडा घ्यायचे, आणि बॉल शहाण्यासारखा खळ्यावर जाऊन बसायचा. पूर्वी दहा होलांना सत्तर फटके लागायचे. दिवाळीपर्यंत ते बावन्नवर आले. पुरुषाचं वजन घटलं की तो जसा पट्टा दाखवत फिरतो, तसे काका तो आकडा गावभर दाखवत फिरले. फक्त डिचोलीला कळू द्यायचं नव्हतं.

मॅचच्या दिवशी आप्पा आले ते बसने, म्हापशाला बदलून. उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे. दर वर्षी स्कूटर घेऊन येणारे आप्पा बसमधून उतरलेले बघून काका म्हणाले, "काय रे आप्पा, स्कूटर विकलंस?"

"विकली. धोंपर दुखता," आप्पा म्हणाले. धोंपर म्हणजे गुडघा. मग काकांच्या हातातल्या फोनचा उजेड बघून म्हणाले, "फोन हाडला रे? दांडे विसरलो ना मरे?"

"दांड्यांचा काम दांडे करतले. तू तुझा बघ."

आप्पांनी पिशवीतून पिवळेजर्द बॉल काढले. पांढरे आता कोण वापरतं, म्हणाले. काकांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. साहेबांनाही फॅशन सुचली होती.

काका प्रत्येक फटक्याआधी टोपी काढून फोनवर धरायचे आणि टोपीच्या आत बघायचे. आकडा आप्पांना दिसू नये म्हणून. मी सावलीत बसून फटके लिहीत होते. सहा होल झाले तेव्हा काका चार फटक्यांनी पुढे होते. त्यांची मान इतकी ताठ झाली होती की मला त्यांच्या सदऱ्याच्या बटणाची काळजी वाटायला लागली.

सातव्याला मला पुढे पाठवलं. कोंडातल्या म्हशी मैदानात येताहेत का बघायला. मी झेंड्यापासून बरीच डावीकडे, उंचवट्यावर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी लाल कुडता घातला होता.

आप्पांनी दांडा उचलला, खांदे वळवले आणि सुरेख फटका मारला. पिवळा बॉल उंच गेला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि टप टप करत माझ्या पायांपासून दोन हातांवर येऊन थांबला. मी जागची हलले नाही.

काकांचं हसू तिथपर्यंत ऐकू आलं. "आरे आप्पा! झेंडो थंय आसा! मारलंस खंय?"

आप्पांनी ते ऐकलं नसावं. ते खुशीत, लांब लांब टांगा टाकत माझ्या दिशेने येत होते. "कितलें उरलें रे?" ते विचारत होते. "डब्याक लागून पडलो मरे?" ते सरळ माझ्याकडे बघत होते आणि मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. लोकांच्या लक्षात न येण्याची मला सवय आहे. पण असं कुणी कौतुकाने बघत यावं आणि तरी मी दिसू नये, हे पहिल्यांदाच झालं. दहा पावलांवर येऊन ते थांबले.

"तूं गो?" ते म्हणाले.

काका मागून धापा टाकत पोचले होते. त्यांच्या तोंडावर हसू तसंच होतं, पण त्याचा आवाज बंद झाला होता. त्यांनी पिवळ्या बॉलकडे पाहिलं. माझ्या कुडत्याकडे पाहिलं. मग लांबच्या झेंड्याच्या चिंधीकडे. आप्पा खाली बघून दांड्याने गवत उकरत होते.

मग काकांनी फोनवरची टोपी काढली आणि डोक्यावर घातली.

"आप्पा, एक सांगूचा रवला," ते म्हणाले. "ह्या फोनाचो नियम आसा. आकडो मोठ्यान सांगूचो लागता, दोघांकय. नाय तर खेळ धरणत नाय."

"खंयचो नियम?"

"इंग्लिशीत आसा. हिका विचार."

दोघे माझ्याकडे वळले. त्या अॅपमधली एकही ओळ मी काकांना खोटी वाचून दाखवली नव्हती.

"हो आप्पा," मी म्हणाले. "नियम आहे तसा."

"आणि बाय, तू डब्याफाटल्यान उभी रव," काका मला म्हणाले. "झेंडो वाऱ्यान पडता."

वारा नव्हता. मी जाऊन डब्यामागे उभी राहिले.

काकांनी फोन आप्पांच्या बॉलवर धरला. "शहाण्णव," ते म्हणाले. आप्पा दांडाच पुसत राहिले. काका पुन्हा, जरा मोठ्याने, "शहाण्णव!"

"शहाण्णव," आप्पा म्हणाले.

ही त्यांची जुनी पद्धत, हे मला नंतर कळलं. साखळीच्या पुढच्या टोकाने आकडा ओरडायचा, मागच्या टोकाने तो परत म्हणायचा आणि मगच कागदावर लिहायचा. आकडा परत आल्याशिवाय साखळी उचलायची नाही. भर उन्हात, झाडीत, एकमेकांची तोंडं न दिसता ते वर्षानुवर्षं असे एकमेकांना आकडे देत-घेत आले होते.

आप्पांनी मारला. बॉल खळ्याच्या काठावर. आठव्याला "एकशे तीन", "एकशे तीन". नवव्याला "अठ्ठ्याऐंशी, उजवीकडे वड", "अठ्ठ्याऐंशी, वड". खळ्यावर फोनचा उपयोग नसतो, तिथे चार मीटरांचा फरक म्हणजे सगळंच. तिथे काका डब्यामागे उकिडवे बसायचे आणि दांड्याने डबा वाजवायचे, टण टण. आप्पा कान देऊन, हळूच ढकलायचे. स्वतःच्या वेळी मात्र काका फोन बघायलाच विसरत होते. एकदा बॉल मिरच्यांत गेला, एकदा कोंडात. मुद्दाम की काय, ते मी मोजून सांगू शकत नाही.

आप्पा एका फटक्याने जिंकले. मी दोनदा बेरीज केली. ओळंबा रुमालात गुंडाळून पुन्हा आप्पांच्या पिशवीत गेला.

बसस्टॉपवर बस येईपर्यंत आप्पा स्वतःच बोलले, काकांकडे न बघता. "ऑपरेशनाचें न्हय रे. दोळ्याच्या भितरल्या पडद्याचें. उरलां तितलें सांबाळ म्हणटा दोतोर." मग थोड्या वेळाने, "घरा कळूंक दिवं नाका. पूत म्हाका एकट्याक भायर सोडचो ना."

"माका काय सांगतस?" काका म्हणाले. "माका आकडे सोडून काय कळणा नाय."

बस आली तेव्हा त्यांनी आप्पांचा हात धरला नाही. फक्त पुढे होऊन "दोन पायऱ्या" म्हणाले आणि आप्पा "दोन" म्हणून चढले.

घरी आईने विचारलं. "सातवा वर्स, दामू! फोन घेऊन पण?"

"फोन बरो आसा, वयनी. दामू कमी पडलो."

त्याच आठवड्यात मला अॅपमध्ये शोधता शोधता एक गोष्ट सापडली. एक बटण दाबलं की फोन अंतर आपणहून मोठ्याने सांगतो, बाईच्या आवाजात. मला इतका आनंद झाला की मी काम तसंच सोडून काकांकडे गेले. ते अंगणात बॉल धूत होते. मी मॅचमधलं सातव्या होलाचं अंतर लावून दाखवलं. फोन म्हणाला, "नाइन्टी सिक्स."

"परत लाव," काका म्हणाले.

"नाइन्टी सिक्स."

"बरी बोलता." त्यांनी हातातला बॉल पुसला. तो कोरडाच होता, तरी पुसला. "म्हणजे हो फोन आप्पाक दिलो, तर आप्पा एकटो खेळतलो."

"हो ना, काका! कुणाची गरजच नाही."

बोलून गेल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बंद कर ता," काका म्हणाले.

"पण काका..."

"बाय, चाळीस वर्सां मी त्याच्या दुसऱ्या टोकाक होतंय." ते बॉलशीच बोलत होते. "आता थंय ही बाई उभी रवली, तर मी खंय उभो रवू?"

मी बटण बंद केलं. पुन्हा कधी लावलं नाही.

आता आप्पा वर्षातून एकदा नाही, दर रविवारी येतात. घरी सांगतात की पार्स्याला जुन्या नकाशांचं काम आहे. गेल्या रविवारी खळ्यावर एक म्हैस येऊन बसली होती, तिला उठवायला काका पुढे गेले होते. आप्पा आणि मी मागे थांबलो होतो.

"बाय," आप्पा म्हणाले, "म्हज्या नातवाच्या फोनार एक बायल उलयता. डावीकडे वळ म्हणता, उजवीकडे वळ म्हणता. ह्या फोनार तशी कोण ना?"

लांब काका म्हशीशी वाद घालत होते. म्हैस ऐकत नव्हती.

"नाही आप्पा," मी म्हणाले. "या फोनला नुसतं दाखवता येतं."

आप्पांनी मान माझ्याकडे वळवली, जरा चुकून माझ्या खांद्याच्या पलीकडे. मिशीत हसले.

"बरें जालें," ते म्हणाले आणि दांडा जमिनीला टेकवून दामूकाका परत येईपर्यंत थांबून राहिले.